पुस्तकाच्या दुकानातली लेखवाचनाची बैठक: वाचकाच्या हातातला कागद सुटू देऊ नका

चिपळूणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: ओळखीच्या पुस्तकविक्रेत्याने महिन्यातून एक संध्याकाळ दुकान वापरायला देऊ केलं आहे. गावातल्या लोकांनी स्वतः लिहिलेले ललित लेख, आठवणी, अनुभव तिथे वाचून दाखवावेत अशी कल्पना आहे. वाचक किती घ्यावेत, वेळ किती द्यावा, पैशाचं काय, आणि चार महिन्यांत हे बंद पडू नये म्हणून काय करावं?

साताऱ्यात मी अशी बैठक २०१६ पासून चालवते आहे. मधला करोनाचा काळ सोडला तर खंड नाही. तेव्हा मी बँकेत नोकरीला होते. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी लागू झाली होती, म्हणून दुसरा शनिवार ठरवला. त्यामागे दुसरं काहीही तत्त्व नव्हतं. आता मी निवृत्त आहे, शनिवार मात्र तोच आहे. तुम्हीही वार असाच ठरवा, म्हणजे ज्याला दुकान उघडायचं आहे आणि ज्याला सतरंजी घालायची आहे, त्या दोघांना हमखास मोकळा असलेला. बाकीचे जुळवून घेतात.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही विचारलेल्या चारही प्रश्नांच्या आधी ती येते.

आपल्याकडे ऐकण्याची सवय दांडगी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली, आणि त्यानंतर गावोगाव व्याख्यानमाला निघाल्या. दीड तास खुर्चीत बसून एका माणसाचं ऐकणारा श्रोता आपल्याला आयता मिळतो. पण या श्रोत्याने वक्त्याची एक परीक्षा ठरवून ठेवलेली असते: कागद न बघता बोलतो का? कागद काढला की ‘तयारी दिसत नाही’ अशी कुजबुज सुरू होते. हे वाचणाऱ्यालाही माहीत असतं. त्यामुळे तो दोन परिच्छेद नीट वाचतो, मग अपराधी वाटून मान वर करतो, कागद खाली जातो आणि तो ‘बोलायला’ लागतो. आठ मिनिटांचा लेख तिथून बावीस मिनिटांचं भाषण होतो. आमच्या पहिल्या सहा महिन्यांत हे इतक्या वेळा झालं की माझ्या बहिणीने यायचं सोडलं. ती म्हणाली, ‘तुझ्याकडे लेख ऐकायला येते गं, सत्काराला उत्तर ऐकायला नाही.’

उपाय सापडला तो घरात. आमची आजी श्रावणात पोथी वाचायची. नजर कागदावर, बोट ओळीखाली, आवाज एकसारखा. तिला पाठ नाही म्हणून कोणी कमी लेखलं नाही. समोर बसलेल्या बायका आजीला ऐकत नव्हत्या, पोथी ऐकत होत्या. लेखवाचन मला तसं हवं आहे. म्हणून आमचा पहिला नियम असा की कागद सोडायचा नाही. लिहिलंय तेवढंच वाचायचं. ‘इथे मला एक गंमत आठवते’ असं मध्येच म्हणायचं नाही. गंमत आठवत असेल तर ती लेखात आधीच यायला हवी होती. हे मी दर महिन्याला सुरुवातीला सगळ्यांसमोर सांगते. त्याने वाचकाची भीड जाते आणि श्रोत्यांनाही कळतं की इथे वक्तृत्वाचे गुण मिळत नाहीत.

याची दुसरी बाजूही सांगते. नाटकात काम केलेली मंडळी अभिवाचनाच्या सवयीने येतात. ती आईचा आवाज वेगळा काढतात, मामाचा वेगळा. कथेला ते शोभतं. पण ललित लेखात ‘मी’ एकच असतो. त्या ‘मी’ने तीन आवाज काढले की ऐकणाऱ्याला लेख खोटा वाटू लागतो. या लोकांना फक्त एवढंच सांगायचं, ‘घरी फोनवर सांगता तसं वाचा.’ बहुतेकांना पुरतं.

आता लेखाविषयी. संध्याकाळ नीट होते की फसते ते आधीच्या आठवड्यात ठरतं. बैठकीच्या आधीच्या रविवारपर्यंत प्रत्येक वाचकाचा लेख माझ्याकडे येतो आणि तो मी डोळ्यांनी वाचत नाही. फोन करते आणि म्हणते, वाचून दाखवा. मी टाइमर लावते. माझ्या अनुभवात मराठी गद्य न धावता वाचलं तर मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे आठ मिनिटांना ९०० शब्द. बाराशे शब्दांचा लेख घेऊन येणारा प्रत्येक जण ‘मी भराभर वाचीन’ असं म्हणतो. हे कबूल करू नका. भराभर वाचलेला लेख कोणाच्याच डोक्यात शिरत नाही.

फोनवर ऐकताना मी ठरावीक गोष्टी पकडते. पहिली म्हणजे क्रियापदाची. मराठीत क्रियापद शेवटी येतं. कागदावर ‘पावसाळ्यात गळणाऱ्या, कौलं शेकारायला कोणी न मिळालेल्या, आजोबांनी हौसेने बांधलेल्या त्या माडीवर मी’ असं लिहिलं तर डोळा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. कानाला मागे जाता येत नाही. श्रोता ‘मी’ काय केलं याची वाट बघत सगळं हातात धरून उभा राहतो आणि मग सगळंच सांडतो. असली वाक्यं तिथल्या तिथे फोडायला लावायची. माडी गळायची. कौलं शेकारायला माणूस मिळत नव्हता. बस.

दुसरी गोष्ट ‘ते’. हे आपल्या भाषेतलं फार घोटाळ्याचं सर्वनाम आहे. वडील म्हणजे ते, घर म्हणजे ते, शेजारचे चौघे म्हणजेही ते. कागदावर संदर्भाने कळतं, कानाला कळेलच असं नाही. म्हणून नाव किंवा नातं पुन्हा पुन्हा घ्यायचं. ‘वडील’ हा शब्द पाच ओळींत तीनदा आला तर वाचताना कंटाळा येतो, ऐकताना आधार वाटतो. संवादाचंही तसंच आहे. अवतरणचिन्ह ऐकू येत नाही, म्हणून ‘आई म्हणाली’ हे बोलण्याच्या आधी घ्या, नंतर नको.

आणि आकडे. कागदावर १९७९ लिहिलं की वाचणारा हमखास अडखळतो: एकोण... एकोणऐंशी का एकोणनव्वद? ही अडचण शिकलेल्या, न शिकलेल्या सगळ्यांची आहे. कागदावर अक्षरी लिहून आणायला सांगायचं. १९७२ चा दुष्काळ आमच्याकडच्या निम्म्या लेखांत असतो. तो ‘बहात्तरचा दुष्काळ’ असाच लिहून आणायचा. मायणी-म्हसवडकडची माणसं तसंच म्हणतात.

एक उदाहरण जवळून सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर दुकानात शाळेची पुस्तकं घ्यायला आले होते. नातवासाठी. गप्पांत त्यांनी तिकिटांच्या पेटीबद्दल काहीतरी सांगितलं आणि मी त्यांना धरलं, हे लिहा. त्यांनी लिहून आणलेला लेख सुरू झाला तो महामंडळाच्या इतिहासापासून. १९४८ साली पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली, लाल परी ही महाराष्ट्राची जीवनवाहिनी आहे, वगैरे. दोन पानं. तिसऱ्या पानाच्या मध्यावर एक वाक्य होतं: ‘मशीन आल्याला एवढी वर्षं झाली तरी माझ्या उजव्या अंगठ्याला पंचचा घट्टा अजून आहे.’ (पंच म्हणजे तिकिटाला भोक पाडायचा चिमटा.) मी त्यांना फोनवरच थांबवलं आणि म्हटलं, काका, लेख इथून सुरू होतो. ते नाराज झाले. त्यांना वाटलं, इतिहास काढला तर लेखाला वजन राहणार नाही. मी म्हटलं, घट्ट्याला वजन आहे. दोन दिवस त्यांचा फोन नाही. शुक्रवारी रात्री आला. ‘काढलीत पानं. आता फार उघडं उघडं वाटतंय.’

शनिवारी त्यांनी तो लेख वाचला. गर्दीत पुढे सरकायला लोकांनी जागा द्यावी म्हणून कंडक्टर पंच दांडीवर कसा वाजवतो, कोणता वाजवणारा नवखा आणि कोणता मुरलेला हे ड्रायव्हरला न बघता कसं कळतं, सुट्ट्या पैशांवरून झालेली भांडणं, आणि एकदा तिकिटाला पैसे नसलेल्या बाईला फुकट नेल्यावर तपासणीस चढला तेव्हा काय झालं. सात मिनिटं चाळीस सेकंद. मी वस्तू आणून दाखवण्याच्या विरोधात आहे, लेखाचं प्रदर्शन होतं त्याने. पण काकांनी न सांगता खिशातून पंच काढला आणि शेवटच्या वाक्याच्या आधी समोरच्या लोखंडी रॅकवर दोनदा टकटक केलं. मागे उभी असलेली तीन-चार माणसं नकळत पुढे सरकली. यावर मला काही बोलता आलं नाही.

म्हणून वाचक शोधताना ‘लेखक’ शोधू नका. लेखक आपणहून येतातच. एखादं काम हाताने वर्षानुवर्षं केलेला माणूस शोधा: औषधाच्या दुकानातला, तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेला, प्रसूतिगृहातली नर्स, लग्नाचे फोटो काढणारा. तुमच्याकडे आंब्याचे व्यापारी असतील, खाडीत होडी चालवणारे असतील. अशा माणसाला कोरा कागद देऊन ‘काहीही लिहा’ म्हणू नका. तो देशप्रेमावर लिहून आणील. ‘पेटी भरताना आधी काय करता?’ असं विचारा आणि तो जे सांगेल तेच लिहायला लावा. तीन महिन्यांचे वाचक आधीच ठरलेले असावेत. सुरुवातीचं वर्षभर ‘ज्याला वाचायचं त्याने यावं’ असं उघडं ठेवू नका. आणि ‘कविता चालेल का?’ हा प्रश्न दर महिन्याला येईल. नाही म्हणा. कवितेसाठी आपल्याकडे प्रत्येक गल्लीत एक संमेलन आहे. एकदा एक कविता शिरली की पुढच्या महिन्यात लेख शोधत बसावं लागतं. (मी स्वतः कविता करते. तरीही सांगते आहे.)

भाषेचा मुद्दा नाजूक आहे. माणदेशातून येणारा मुलगा ‘पानी’ लिहितो, ‘व्हतं’ लिहितो. आमच्या पहिल्या रांगेत एक निवृत्त गुरुजी बसायचे. ते अशा वाचकाला कार्यक्रमानंतर प्रेमाने बाजूला घेऊन ‘पाणी’ शिकवायचे. दोन मुलं पुन्हा आली नाहीत तेव्हा मला कारण कळलं. गुरुजींना मी सरळ सांगितलं नाही, ते दुखावले असते. पुढच्या महिन्यात त्यांनाच लेख वाचायला लावला, त्यांच्या लहानपणाचा, आणि अट घातली की आईची वाक्यं आई बोलायची तशीच हवीत. त्यांची आई कोरेगाव तालुक्यातल्या खेड्यातली. गुरुजींनी भर दुकानात ‘पानी’ म्हटलं आणि स्वतःच हसले. विषय मिटला.

वेळ आणि वाचकांचा आकडा: चार वाचक, प्रत्येकी आठ मिनिटं, मध्ये वीस मिनिटांची सुट्टी. सुरुवातीला एक जुना लेख किंवा त्यातला उतारा, पाच-सहा मिनिटांचा, दुसऱ्या कोणीतरी वाचायचा. साडेपाचला सुरू, सातच्या आत बंद. आधी आम्ही सातला सुरू करत असू आणि बायका का येत नाहीत यावर चर्चा करत असू. साडेपाच केल्यावर चर्चेची गरज उरली नाही. सातला सुरू होणारा कार्यक्रम म्हणजे कोणाच्या तरी कणकेच्या वेळेवरचा कार्यक्रम.

जुन्या लेखाबाबत कायदा समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची साठ वर्षं हक्क राहतात आणि ती मृत्यूनंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. आमच्या कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर १८९५ साली गेले, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १९३४ साली. त्यांच्या हयातीत छापलेलं खुशाल वाचा. इरावती कर्वे १९७० साली गेल्या, म्हणजे त्यांच्या लेखनावर २०३० संपेपर्यंत हक्क आहे. छापलेल्या साहित्यातला वाजवी लांबीचा उतारा लोकांसमोर वाचायला कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. अख्खा लेख वाचायचा असेल तर प्रकाशकाला पत्र टाकून परवानगी घ्या. पत्राला उत्तर यायला महिना लागतो, म्हणून तेही आधी. लोकांनी स्वतः लिहिलेले लेख अर्थातच त्यांचेच राहतात. तुम्ही ते परस्पर कुठे छापू नका किंवा ग्रुपवर टाकू नका.

दुकानाच्या मांडणीत आम्ही वर्षभर एक चूक केली. वाचक दाराशी उभा राहायचा, त्याच्या पाठीशी रस्ता. उशिरा येणारा प्रत्येक माणूस वाचकाच्या खांद्याला घासून आत यायचा, श्रोते वाचकाऐवजी रस्त्यावरची दुचाकी बघायचे. आता उलटं आहे: वाचक दुकानाच्या आतल्या टोकाला, श्रोत्यांची पाठ दाराकडे. उशिरा आलेला मागे गुपचूप उभा राहतो. गल्ला दाराजवळच राहतो, त्यामुळे दुकानदाराला मध्ये पुस्तक विकायचं असेल तर कोणाला त्रास नाही. वाचकाच्या डोक्यावरचा पंखा बंद, श्रोत्यांवरचे चालू. नाहीतर कागद फडफडतो आणि वाचक एका हाताने तो धरून बसतो. तीस माणसांपर्यंत माईक घेऊ नका. माईक हातात आला की साध्या माणसाचाही आवाज निवडणुकीचा होतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या राखून ठेवा आणि त्या खुर्च्यांवर नगरसेवक बसू देऊ नका.

हे शेवटचं गमतीत म्हटलं, पण त्यामागे आमचा एक फसलेला शनिवार आहे. तिसऱ्या वर्षी मला मोह झाला. वर्धापनदिन म्हणून एका मोठ्या पाहुण्यांना बोलावलं, नाव सांगत नाही. मग दीपप्रज्वलन आलं, पाहुण्यांची ओळख आली, शाल-श्रीफळ आलं, आणि पाहुणे ‘दोनच शब्द’ म्हणून चाळीस मिनिटं बोलले. चांगलं बोलले, तक्रार बोलण्याबद्दल नाही. पण चौथा लेख वाचायचा होता मेढ्याजवळच्या गावातून आलेल्या एका मुलीने. ती शेवटची एसटी पकडायला निघून गेली. कागद तिच्या पिशवीतच राहिला. जाताना तिने मला हात हलवून ‘असू दे’ अशी खूण केली ती मला अजून दिसते. त्यानंतर वर्षभर ती आली नाही. मी दोनदा फोन केला. पुन्हा आली तेव्हा तिचा लेख दुसराच होता. तो पहिला तिने टाकून दिला होता म्हणे.

तेव्हापासून आमच्याकडे अध्यक्ष नाही, पाहुणे नाहीत, आभारप्रदर्शन नाही. वर्धापनदिनाला कंदी पेढे असतात, तेवढं पुरे. आणि बाहेरगावच्या वाचकाचा लेख पहिला.

चर्चा ठेवायची का? आम्ही ठेवून बघितली. ‘छान होतं, पण...’ या तीन शब्दांनी सुरू होणारी प्रत्येक सूचना खरं तर सूचना करणाऱ्याच्या न लिहिलेल्या लेखाबद्दल असते. शिवाय वाचणारा नुकताच मन उघडं करून बसलेला असतो. आता लेख संपला की टाळ्या, मग मी पुढच्याचं नाव घ्यायच्या आधी मुद्दाम थोडी थांबते. बोलायचं ते सुट्टीत चहाबरोबर होतं, आणि दोघांत होतं म्हणून खरं होतं.

रेकॉर्डिंग करू नका, निदान थेट प्रक्षेपण तर नकोच. आम्ही दोन महिने फेसबुकवर दाखवलं. ऐकणारे वाढले नाहीत, लेख मात्र गुळगुळीत झाले. सासूबद्दल लिहिणारी बाई एकदम निसर्गाबद्दल लिहू लागली. ज्याला स्वतःचं वाचन हवं असेल त्याच्या फोनवर त्याच्या माणसाने टिपून घ्यावं.

सासूवरून आठवलं. गाव लहान असतं. एकाने जमिनीच्या वाटणीवर फार चांगला लेख लिहिला, थोरल्या भावाने बांध कसा सरकवला त्याचा. वाचायला उभा राहिला तेव्हा तिसऱ्या रांगेत त्याच भावाचा मुलगा बसलेला, त्याला कोणी मित्राने आणलेलं. लेख वाचला गेला, मुलगा शेवटपर्यंत बसला, पण पुढे त्या दोन घरांत जे झालं त्यात माझाही वाटा आहे असं मला वाटतं. आता फोनवर ऐकून झालं की मी विचारते, ‘हे ज्याच्याबद्दल आहे तो समोर येऊन बसला तर वाचाल का?’ हो म्हणाले तर वाचू द्यायचं. नाही म्हणाले तर लेख वाईट ठरत नाही, फक्त या खोलीतला नाही.

पैसे. तिकीट लावू नका, पण दुकानदाराचं नुकसानही होऊ देऊ नका. ही जागा त्याची भाड्याची आहे आणि त्या दीड तासात त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक परत जातं. पहिल्या वर्षी आम्ही हे गृहीत धरलं आणि दुकानदार सभ्य म्हणून बोलले नाहीत. एक दिवस त्यांच्या मुलाने वही दाखवली तेव्हा कळलं. मग असं केलं: प्रत्येक वाचक आपल्या आवडीचं एक पुस्तक आधी सांगतो, दुकानदार त्याच्या तीन-चार प्रती मागवतात, जास्त नाही. त्या दाराजवळच्या टेबलावर राहतात. लेख संपल्यावर वाचक त्या पुस्तकाबद्दल दोन वाक्यं सांगतो, आणि ती दोन वाक्यं तेवढी न वाचता. वीस मिनिटांच्या सुट्टीत ती पुस्तकं हातात घेतली जातात. एका शनिवारी दहा-बारा प्रती जातात आमच्याकडे. नर्सने सांगितलेलं पुस्तक प्राध्यापकाने सांगितलेल्यापेक्षा जास्त खपतं, हे दुकानदारांचं निरीक्षण. चहाचा खर्च डब्यातून निघतो. डबा गल्ल्यापाशी असतो आणि कोणी त्यात काय टाकलं हे बघायला तिथे कोणी उभं नसतं. कागदी कप घ्या, पण बिस्किटांचे पुडे वाचन चालू असताना उघडू नका. त्या कागदाचा आवाज स्वर्गात जातो.

बंद पडू नये म्हणून: तारीख हलवायची नाही. लग्नसराई, क्रिकेटची फायनल, मुसळधार पाऊस, काहीही असो. २०१९ च्या पावसाळ्यात एका शनिवारी मी, दुकानदार आणि तीन श्रोते असे पाच जण होतो. चारपैकी दोनच वाचक पोहोचले. ते दोन लेख वाचले, चहा घेतला, घरी गेलो. तुमच्याकडे मात्र पावसाचा हिशोब वेगळा आहे. २०२१ च्या जुलैचा पूर चिपळुणात कोणी विसरलेलं नाही. पाणी चढण्याची चिन्हं असतील त्या दिवशी बैठकीऐवजी खालच्या फळीवरची पुस्तकं वर उचलायला जा. तो कार्यक्रमच समजा. दुसरं म्हणजे दुकानाची किल्ली आणि वाचकांची यादी दोघांकडे असू द्या. मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला गेले तेव्हा बैठक दोन महिने माझ्याशिवाय झाली, आणि बरी झाली असं ऐकते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त तुम्हालाच लिहिता येईल असं ठेवा. नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली शनिवार सापडत नाही.

पहिल्या महिन्यात चारऐवजी तीनच वाचक घ्या आणि त्यात तुम्ही नको. लेख सोळाच्या अक्षरात, कागदाच्या एका बाजूला छापून घ्या. पानं टाचू नका, पण आकडे घाला. पानाच्या शेवटी वाक्य अर्धवट तुटू देऊ नका. प्रत्येक लेखाची एक झेरॉक्स तुमच्या पिशवीत. पिशवीत आणखी एक गोष्ट ठेवा: रस्त्यावर शंभर-सव्वाशेला मिळणारे वाचायचे दोन चष्मे, एक दोन नंबरचा, एक अडीचचा. चष्मा घरी विसरलेला वाचक कागद लांब धरतो, मग आणखी लांब धरतो, आणि मग ‘राहू द्या, तोंडीच सांगतो’ म्हणतो. आमच्याकडे असा माणूस दर दोन महिन्यांनी एक तरी निघतोच.